खुनी कोण हे ठाऊक असताना

"सर, 'दहाड' बघितलासा काय? त्यातला खुनी प्राध्यापक हाय. साहित्य शिकवतोय!"

तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने भर वर्गात हे विचारले आणि हशा पिकला. मीही हसलो. साहित्याच्या प्राध्यापकाच्या अंगी एवढे कर्तृत्व असू शकते असे कोणाला तरी वाटले, हेच आम्हां लोकांना पुष्कळ झाले. पण घरी गेल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. वसतिगृहातल्या मुलांनी जी मालिका मोबाइलवर एका रात्रीत संपवली होती, ती मी आणि माझ्या पत्नीने नऊ दिवस लावून पाहिली. त्यानंतर माझ्या मनाची जी अवस्था झाली तिला नेमके नाव देता येत नाही. मालिका आवडली म्हणावे तर घशात काहीतरी अडकते, आणि नावडली म्हणावे तर ते खोटे ठरते. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी माझे पूर्वग्रह सांगून टाकतो. रहस्यकथेवर मी लहानपणापासून वाढलो आहे. बाबूराव अर्नाळकरांची पातळ पुस्तके भाड्याच्या वाचनालयातून आणायची, वडिलांच्या नजरेआड वाचायची आणि दुसऱ्या दिवशी परत करायची, हा आमचा सुटीतला नित्यक्रम. अर्नाळकरांनी हजारांवर रहस्यकथा लिहिल्या. त्यांतल्या निम्म्या तरी वाचून संपवीन अशी माझी तेव्हा प्रतिज्ञा होती. आमच्या गल्लीतला माझा कन्नड मित्र त्याच वेळी एन. नरसिंहय्यांचा पत्तेदार पुरुषोत्तम वाचत असे. मग संध्याकाळी कट्ट्यावर तो मला पुरुषोत्तम सांगायचा आणि मी त्याला झुंजार. भाषेचा वाद आमच्या गावाला नवा नाही, पण मुडदा कोणी पाडला या प्रश्नावर आम्हां दोघांत कधी वाद झाला नाही. शेवटच्या पानापर्यंत दोघेही सारखेच अडाणी असायचो.

कारण नियमच तसा होता. खुनी कोण ते शेवटच्या पानावर कळायचे. १९८५ साली दूरदर्शनवर 'करमचंद' आला. पंकज कपूर गाजर चावत चावत गुन्हा उकलायचा आणि बिचाऱ्या किटीला गप्प करायचा. १९९३ मध्ये बासू चटर्जींचा 'ब्योमकेश बक्शी' आला, रजित कपूर धोतराच्या निऱ्या सांभाळत कलकत्त्याच्या गल्ल्यांतून फिरला. तिथेही नियम तोच. शिवाय पुढच्या भागासाठी आठवडाभर थांबावे लागे, आणि त्या आठवड्यात चहाच्या टपरीपासून स्टाफरूमपर्यंत प्रत्येक जण आपापला तपास करीत असे. आता आठ भाग एकदम हाती पडतात. तर्क करायला उसंतच नाही. एका रात्रीत गिळलेली गोष्ट पचते किती, हा प्रश्न मी मुलांना विचारला तेव्हा त्यांनी मला फार जुना माणूस ठरवले. असो.

'दहाड' मे २०२३ मध्ये ॲमेझॉन प्राइमवर आली. रीमा कागती आणि झोया अख्तर यांची निर्मिती. त्याच वर्षी बर्लिनच्या चित्रपट महोत्सवातही ती दाखवली गेली होती. कथा राजस्थानातल्या मंडावा गावाची. सार्वजनिक स्वच्छतागृहांत, आतून कडी लावलेल्या दाराआड, नवरीच्या वेशातल्या तरुणींची प्रेते सापडतात. कुठे कुठे, वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या वर्षी. प्रत्येक ठाण्याने आत्महत्या म्हणून कागद मिटवलेला. अंजली भाटी नावाची फौजदार (सोनाक्षी सिन्हा) हे सुटे कागद एकत्र शिवू लागते.

आणि इथे तो जुना नियम मोडला जातो. खुनी कोण हे आपल्याला फार लवकर कळते. आनंद स्वर्णकार, मुलींच्या महाविद्यालयात हिंदी साहित्य शिकवणारा, मृदू बोलणारा, सुटीच्या दिवशी गाडीत पुस्तके भरून खेड्यातल्या पोरांना वाचायला देणारा. विजय वर्माने हा माणूस असा उभा केला आहे की त्याच्या चेहऱ्यावर क्रौर्य शोधून सापडत नाही. तो रागावत नाही, दात-ओठ खात नाही. घरी मुलाचा अभ्यास घेतो. असा माणूस मला आमच्या स्टाफरूममध्ये दिसला असता तर मी त्याला वाङ्मय मंडळाचे काम सोपवले असते.

खुनी ठाऊक असलेली गोष्ट नवी नाही म्हणा. दस्तयेवस्कीच्या रास्कोलनिकोव्हने म्हातारीचा खून केला हे वाचकाला कादंबरीच्या पहिल्या भागातच समजते आणि उरलेली सगळी कादंबरी आपण त्याच्या तापलेल्या डोक्यात बसून काढतो. पण तिथे कुतूहल खुन्याच्या सदसद्विवेकाचे असते. आनंदला तशी काही अडचण नाही. त्याच्या डोक्यात बसायला जागाच नाही. मग पाहणाऱ्याने कशाची वाट पाहायची? तर पुरावा कधी मिळतो याची. पहिले तीन भाग ही वाट पाहणे मला फार आवडले. पाचव्या-सहाव्या भागात मात्र कंटाळा आला. पोलीस येतात, निसटता धागा हाती लागतो, वरिष्ठ दरडावतात, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आठ भागांऐवजी सहा असते तर काही बिघडले नसते.

पण जे आवडले ते आधी नीट सांगितले पाहिजे. आरंभीचा एक प्रसंग मी जन्मभर विसरणार नाही. कृष्णा नावाच्या गरीब घरच्या मुलीचा भाऊ ठाण्यात खेपा घालतो. बहीण हरवली आहे. त्याच्याकडे कोणी बघत नाही. मुलगी सज्ञान आहे, कोणाबरोबर तरी गेली असेल, जा घरी. त्याच सुमारास ठाकुरांची मुलगी एका मुसलमान तरुणाबरोबर पळून जाते आणि गाव पेटते. पुढारी येतात, मोर्चे निघतात, पोलीस धावतात. हे पाहून त्या भावाच्या डोक्यात प्रकाश पडतो. तो जाऊन सांगतो की माझी बहीणही मुसलमानानेच पळवली. हे धादांत खोटे असते, आणि त्या खोट्यापायी त्याच्या खऱ्या बहिणीचा खरा शोध सुरू होतो. एवढ्या थोडक्यात, एकही भाषण न करता, आपल्या समाजावर इतके कडवट भाष्य मी पडद्यावर फार क्वचित पाहिले आहे.

पत्नी म्हणाली, "हे कुणीतरी घरात बसून रचलेलं वाटत नाही. घडलेलं असणार."

ती बरोबर होती. आणि ते घडले राजस्थानात नव्हे, आपल्याच राज्यात, किनारपट्टीवर. मालिका आली तेव्हा वृत्तपत्रांनी लगेच मंगळूरच्या मोहनकुमारची आठवण काढली. 'सायनाइड मोहन' हे नाव आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना सांगायला नको, पण मराठी विभागातल्या आजच्या मुलांना ते ठाऊक नव्हते असे मला आढळले, म्हणून थोडक्यात सांगतो. हा गृहस्थ प्राथमिक शाळेत शिक्षक होता. २००३ ते २००९ या काळात त्याने वीस स्त्रियांना मारले. पद्धत ठरलेली. लग्नाचे वय उलटत चाललेली, हुंडा देण्याची ऐपत नसलेली मुलगी हेरायची. आपण तिच्याच जातीचे आहोत असे सांगायचे, त्याप्रमाणे नाव घ्यायचे. हुंडा नको म्हणायचे. दुसऱ्या गावी नेऊन रात्र लॉजवर काढायची, सकाळी दागिने खोलीत ठेवायला लावायचे, बसस्थानकावर आणायचे आणि गर्भ राहू नये म्हणून ही गोळी घे, घेतल्यावर त्रास होईल तेव्हा स्वच्छतागृहात जाऊन घे, असे सांगायचे. गोळीत सायनाइड असे. मग लॉजवर परत जाऊन दागिने घ्यायचे आणि गावी यायचे.

दाराची कडी ती स्वतः आतून लावायची. या एका गोष्टीने मला रात्री झोप लागू दिली नाही. खुनाची खोली बंद करण्याचे काम त्याने त्या मुलीकडूनच करून घेतले. अर्नाळकरांच्या किंवा कोणाच्याही रहस्यकथेत बंद खोलीचे कोडे हा बुद्धीचा खेळ असतो, कोणीतरी दोरा, खिळा, मेण वापरून कडी बाहेरून लावतो आणि आपण शाबास म्हणतो. इथे कोडे लज्जेने घातलेले होते.

प्रेते मिळत गेली. मडिकेरी, म्हैसूर, बंगळूर, हासन. ओळख न पटलेल्या स्त्रीचा अनैसर्गिक मृत्यू, एवढी नोंद व्हायची. एका गावच्या ठाण्याला दुसऱ्या गावची नोंद ठाऊक नसायची. आणि घरी? घरच्यांना वाटायचे, लेक कोणाबरोबर लग्न करून गेली, कुठेतरी नांदत असेल. काहींनी तक्रारही दिली नाही. मग २००९ मध्ये बंटवाळ तालुक्यातली एक तरुणी नाहीशी झाली आणि तिला मुसलमान तरुणाने पळवले अशी आवई उठली. लोक ठाण्यावर चालून गेले. पोलिसांना तपास करणे भाग पडले. तिच्या फोनच्या नोंदींवरून दुसऱ्या एका हरवलेल्या मुलीचा क्रमांक मिळाला, त्यावरून तिसरीचा. एका मृत मुलीच्या क्रमांकावरून पुढच्या मुलीला फोन जात होता. ऑक्टोबर २००९ मध्ये तो पकडला गेला. खटल्यात स्वतःची बाजू त्याने स्वतःच मांडली. डिसेंबर २०१३ मध्ये मंगळूरच्या न्यायालयाने त्याला फाशी सुनावली, पुढे २०१७ मध्ये एका खटल्यात उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली, आणि विसाव्या व अखेरच्या खुनाचा निकाल लागला तो २०२० मध्ये.

म्हणजे मालिकेतला तो कडवट विनोद कोणा लेखकाच्या लेखणीचा नव्हताच. एका खोट्या आवईशिवाय खरा तपास झाला नाही हे वास्तव होते.

आता माझी तक्रार सुरू होते. पहिली गोष्ट, किनारा राजस्थानात का नेला? वाळवंट पडद्यावर देखणे दिसते हे कबूल. तिथला ठाकूर, तिथले वाडे, तिथली जात, सगळे ठसठशीत. पण त्यामुळे आपल्याकडच्या प्रेक्षकाला एक पळवाट मिळते. हे सगळे तिकडे होते, उत्तरेत, मागासलेल्या मुलखात, असे म्हणून तो कुशीवर वळतो. मूळ घटना साक्षरतेत पुढे असलेल्या, गावोगाव शाळा आणि बँका असलेल्या जिल्ह्यातली आहे. तिचे खरे भय त्यातच आहे. सात पडद्यांआडच्या नव्हे, स्वतः बसने कामाला जाणाऱ्या मुली फसल्या.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. मालिकेत पंचवीसहून अधिक बायका मरतात. त्यांतल्या किती जणी आपल्याला माणूस म्हणून भेटतात? एक-दोन. बाकीच्या फळ्यावर टाचलेले फोटो. त्याउलट आनंदचे घर, त्याची बायको, वडील, भाऊ, बालपण हे सगळे आपल्याला तपशिलाने दाखवतात. मारणाऱ्याला आठ भाग आणि मरणाऱ्यांना एकेक फोटो. प्रेतांना नवरीची वस्त्रे नेसवली आहेत तेही मला खटकले. चित्र उठावदार होते, हे खरे. पण बसस्थानकावर साध्या कपड्यांत, खांद्याला पर्स लावून गेलेली मुलगी मला अधिक खरी वाटते. ती कोणाचीही बहीण होऊ शकते. मोबाइलवर रात्रभर बघणाऱ्या आमच्या मुलांना मी विचारले की मेलेल्यांपैकी किती जणींची नावे आठवतात. एकीचे आठवले. आनंदचे नाव मात्र सगळ्यांना ठाऊक होते. मला तरी किती आठवत होती? मीही कृष्णापाशीच अडलो.

माझ्या पत्नीचे मत वेगळे. ती म्हणाली, "तो मुली शोधतो कशा, हे तुम्ही विचारताय. त्यांना घरात रोज ऐकवलं जात होतं ना, तू ओझं आहेस म्हणून. हुंडा नको म्हणणारा पहिलाच माणूस भेटला. मग ती जाणार नाही तर काय करणार?" मला हे पूर्ण पटत नाही. ज्या बापाने चार स्थळे पाहिली, कर्ज काढायची तयारी केली, त्याला निष्ठुर कसे म्हणायचे? हुंड्याविरुद्धचा कायदा १९६१ चा आहे, आणि त्यानंतरही त्या बापाला बाजारात उभे राहावे लागले हा त्याचा एकट्याचा दोष नाही. यावर आमचे दोन दिवस बोलणे चालले होते. मालिकेने एवढे केले हे तिच्या जमेला धरले पाहिजे.

जमेची आणखी एक बाजू म्हणजे अंजली भाटी. तिचे मूळ आडनाव मेघवाल. जात लपावी म्हणून वडिलांनी बदललेले. ठाण्यातला एक कर्मचारी ती जवळून गेली की उदबत्ती पेटवतो. तो काही बोलत नाही, नियमाविरुद्ध काही करत नाही. नुसती उदबत्ती. ती पाहते, काही बोलत नाही, कामाला लागते. अस्पृश्यतेवरचे जाडजूड ग्रंथ एकीकडे आणि ही उदबत्ती एकीकडे. विद्यार्थ्यांना प्रतिमा म्हणजे काय हे शिकवताना मी आता हेच उदाहरण देतो.

आणि तो साहित्याचा प्राध्यापक? वर्गात मी हसलो खरा, पण पहिले दोन दिवस मला राग आला होता. शिक्षकाला खलनायक करणे सोपे, त्याची संघटना दगड मारायला येत नाही. नंतर आठवले की मोहनकुमार शिक्षकच होता, तेव्हा तक्रार कोणाकडे करणार? मग वाटू लागले की लेखकांनी प्राथमिक शाळेतून उचलून त्याला साहित्याच्या वर्गात बसवले यात काही विचार असावा. आनंद मुलींना फसवतो तो शब्दांनी. प्रत्येकीला काय ऐकायचे आहे ते त्याला कळते. दुसऱ्याच्या मनात शिरण्याची जी शक्ती साहित्याने येते असे मी गेली कित्येक वर्षे जूनच्या पहिल्या तासाला सांगत आलो आहे, ती शक्ती त्याच्यापाशी भरपूर आहे. कविता वाचणारा माणूस वाईट असूच शकत नाही, असे ठामपणे मी कधी म्हटले नसेल, पण माझ्या बोलण्याचा रोख तोच असायचा. येत्या जूनमध्ये तो तास मला जरा बेताने घ्यावा लागेल.

शेवट कसा होतो ते सांगत नाही. पाहायची असेल त्यांनी पाहावी.

मालिका संपल्यानंतरच्या सोमवारी मध्यवर्ती बसस्थानकावर होतो. खानापूरची गाडी लागली होती, चंदगडकडून आलेली मुले-मुली उतरत होती. स्त्रियांच्या स्वच्छतागृहाबाहेर एक बाई स्टुलावर बसून सुटे पैसे मोजत होती. आत किती गेल्या, किती बाहेर आल्या, हे तिने का मोजावे? मी उगाच थोडा वेळ तिथे घुटमळलो, आणि पुरुषाने तिथे घुटमळणे बरे दिसत नाही हे लक्षात येताच निघालो.

त्या दिवशी हजेरी घेताना माझी बोटे एका नावावर थांबली. दुसऱ्या सत्रापासून ती मुलगी येत नव्हती. मागच्या बाकावर बसायची, वही नीटनेटकी, प्रश्न विचारला की मान खाली. तिचे नाव मी पुकारणे कधी बंद केले ते मला आठवेना. शेजारणीला विचारले. "लग्न झालं असंल, सर." कुठे? "म्हाईत नाही." दुसरी म्हणाली, "तिचा फोन लागत नाही." त्या दोघींच्या आवाजात काळजी नव्हती, कारण माझ्याही आवाजात कधी नव्हती. दर वर्षी दहा-बारा मुली अशा गळतात. आम्ही त्याला गळती म्हणतो आणि अहवालात आकडा लिहितो.

तास संपल्यावर कार्यालयात गेलो आणि गेल्या तीन वर्षांत मधूनच सोडून गेलेल्या मुलींची यादी, घरच्या पत्त्यांसह, मागितली. कारकुनांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"नॅककरता काय, सर?"

"नाही."

"मग कशाला?"

मी म्हटले, अशीच हवी आहे. त्यांनी कपाटाची किल्ली शोधायला ड्रॉवर उघडला.